मूळ गाव छ्येनशान, हल्ली मुक्काम हफेइ

आमच्या खानदेशात माणूस लग्नमंडपात नावाने शिरत नाही, गावाने शिरतो. तो कमानीखालून आत येतो न येतो तोच माइकवरून आवाज येतो, "कापडणे येथील आमचे स्नेही श्रीमान दगाजी नाना सहपरिवार मंडपात आलेले आहेत, यजमानांच्या वतीने त्यांचं मनःपूर्वक स्वागत." एसटीत उभ्याने आलेला, घामेजलेला तो माणूस क्षणभर थांबतो. आपण आलो हे आता कुठे खरं झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग तो खुर्ची शोधतो.

नाव चुकलं तर माणूस चालवून घेतो. गाव चुकलं तर जेवायला बसत नाही. आणि गाव म्हणजे मूळ गाव. तीस वर्षं सुरतेला राहिलेल्या माणसाला नुसतं "सुरतचे" म्हटलं, तर त्याचा अर्थ असा होतो की ह्याचं गावात आता काही उरलं नाही, भाऊबंद विचारत नाहीत, जाऊन टेकायला ओटा नाही. म्हणून आधी मूळ गाव आणि मग "हल्ली मुक्काम सुरत". पत्रिकेत हे "ह. मु." असं छापतात. दोन अक्षरांत अर्धं आयुष्य मावतं.

अमळनेरचे शालिग्राम नाना हे पुकारण्याचं काम करत. हा काही धंदा नव्हता. नोकरी तेलाच्या कारखान्यात होती, आणि तिथल्या यंत्रांच्या आवाजावरून बोलायची सवय झाल्यामुळे गळा भरदार झाला होता. कुणाच्या तरी लग्नात ऐन वेळी माइक हातात आला आणि मग तो हातातच राहिला. दोन पिंप्र्यांतली कुठली, शिरूड आणि शिरसाळे यांत किती अंतर, कुठल्या गावचे लोक स्वतःला कुठल्या तालुक्याचे म्हणवतात, हे त्यांना विचारावं लागत नसे. पाहुणा लांबून दिसला तरी त्याच्या टोपीच्या कलावरून ते खाली, तापीकाठचा की वर, साक्रीकडचा हे सांगत. ह्या कामाचा त्यांना गर्व नव्हता. फक्त ते करताना त्यांना आपण कोण आहोत हा प्रश्न पडत नसे, आणि असा प्रश्न न पडणं ही काही लहान गोष्ट नाही.

मग एका पोळ्याच्या दिवशी नानांनी न्हाणीतून टॉवेल मागायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, मेंदूचा झटका थोडक्यात गेला." आणि ते खरंच होतं. हात परत आला, पाय परत आला. जीभही आली. फक्त च, छ, ज, श ही भावंडं आली ती एकमेकांचे कपडे घालून. च म्हणायला जावं तर श पुढे येई. सावकाश बोललं तर जमे, पण सावकाश बोलणं हा नानांचा स्वभाव नव्हता. वाचा सुधारायला शिकवणारी एक बाई दवाखान्यात होती. तिने आरसा धरून जीभ कुठे लागते ते बघायला सांगितलं. नाना दोनदा गेले. साठी उलटलेल्या माणसाने आरशापुढे बसून "चाच" म्हणायचं, ह्याची त्यांना शरम वाटली.

धुळ्याला पुतण्याच्या लग्नात त्यांनी माइक घेतला तो पहिल्यासारखाच, सहज. चाळीसगावचे पाहुणे आले होते. नानांच्या तोंडून "शाळीसगाव" बाहेर पडलं. पहिल्यांदा लोकांना कळलं नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी बाटलीसारखा अंगठा ओठांकडे नेला आणि म्हणालं, "नाना, आज सकायमानच का?"

हशा पिकला. त्यात वाईटपणा फारसा नव्हता, लग्नातला हशा तो. पण ज्या माणसाने उभ्या जन्मात सुपारीसुद्धा चघळली नव्हती, त्याला ते ऐकून घ्यावं लागलं. नानांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि न जेवता अमळनेरची गाडी धरली. त्यानंतर कुणी बोलवायला आलं की ते गळ्याला हात लावून सांगत, "घसा बरा नही शे." माणसाचा आवाज जातो तेव्हा घरात शांतता येत नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या आवाजाची सतत चाहूल राहते.

अशात डिसेंबरमध्ये वना आबा आले. वना आबा म्हणजे नानांच्या कारखान्यातले जुने सोबती. आता जळगावात पिंप्राळ्याला मुलाकडे राहतात. मुलगा ललित डाळमिलमधली दाणे निवडायची यंत्रं दुरुस्त करतो. कॅमेरा काळा दाणा ओळखतो आणि हवेची फुंकर त्याला बाजूला उडवते, अशी ती यंत्रं. ती चीनमध्ये हफेइ नावाच्या शहरातून येतात. तिथे ललितने काही महिने शिकाऊ म्हणून काढले होते. त्याचं लग्न ठरलं आणि तिथले दोघे, जे तेव्हा त्याला शिकवत होते, नेमके एका मिलमध्ये नवीन यंत्र बसवायला जळगावात यायचे होते. लग्नालाही येणार होते.

"नाना, मनं एक काम शे तुमनाकडे," आबा म्हणाले. "चीनमाईन दोन पाव्हना येई ऱ्हायनात."

"मग येवू द्या ना."

"त्यास्ले पुकारानं शे. तो कुंदन शे ना, अँकर, कोट घालीसन येस तो. त्याले नावं दाखाडी. दोनदा वाचं आणि म्हने, आबा, मी सरळ 'चायना से पधारे हुए मेहमान' म्हणतो." आबांचा आवाज चढला. "आते तुम्हीच सांगा. माणूस समुद्र वलांडीसन येस आणि त्याले गावनं नाव नही? तो काय बिनागावना शे?"

नानांनी गळ्याकडे हात नेला. आबांनी तो हात मध्येच धरला.

"घसाना बहाना मले नका सांगू."

"घसा नही, आबा. मनी जीभ आते मनं ऐकत नही. बठ्ठा हसतीन."

"कोण हसस? ते गाव कोणले माहीत शे? चुकनं तरी कोणले समजनार शे?"

"पाव्हनाले समजी," नाना म्हणाले.

आबांनी बशीत चहा ओतला. ते चहा पिऊन निघाले तेव्हा नानांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. नानांच्या पत्नी बेबाबाई कप उचलता उचलता म्हणाल्या, "मनासंगे भांडतांना तर तुमनं एक अक्षर अडकस नही."

"तुनासंगे भांडाले लोके थोडाच ऐकतस."

"गल्ली बठ्ठी ऐकस," बेबाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ललितच्या बहिणीचा, मेघाचा फोन आला. ती त्याच यंत्रांच्या एजन्सीच्या ऑफिसात बसते आणि हफेइवाल्यांशी पत्रव्यवहार करते. नानांनी तिला पाहुण्यांची गावं विचारली. एका पाहुण्याचं नाव इंग्रजीत वाचलं तर "क्विन" दिसतं. जळगावच्या ऑफिसात सगळे त्यांना क्विनसाहेब म्हणतात आणि तेही ओ देतात.

"पण ते क्विन नाहीतच, नाना. छिन आहेत," मेघा म्हणाली. "इंग्रजीत क्यू दिसला ना, की छ म्हणायचं. एक्स दिसला की श. ती अक्षरं इंग्रजांसाठी नाहीतच मुळी. त्या लोकांनी आपल्या सोयीनं घेतली आहेत. इंग्रजी शिकलेला माणूस ती इंग्रजीसारखी वाचायला जातो आणि तिथंच पडतो."

"आम्ही शाळेत पेकिंग शिकलो," नाना म्हणाले. "नकाशात कँटन होतं."

"ती जुनी, परक्यांनी ऐकून लिहिलेली. आता बेइजिंग म्हणतात. तेसुद्धा टीव्हीवर 'बेझिंग' म्हणतात, काहीतरी साहेबी वाटावं म्हणून. खरं तर साधा ज आहे, जेवणातला."

नानांनी विचार केला. धुळ्याच्या जुन्या पाट्यांवर इंग्रजीत "धुलिया" असायचं. तिथला कुठलाही माणूस कधी स्वतःला धुलियाचा म्हणाला नव्हता. गावाला कुणीतरी बाहेरून येऊन कोट चढवतो, आणि गाव बिचारं पाटीवर तो कोट घालून उभं राहतं, घरात मात्र धोतरावर असतं.

"आणि आपल्याला सोपं आहे नाना," मेघा पुढे म्हणाली. "इंग्रजांना एकच च. आपल्याला दोन. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. चिनी लोकांकडेही तसेच दोन आहेत."

नाना फोनवर हसले. सोपं. जे दोन च त्यांच्याकडे जन्मापासून होते, त्यातला एकही आता हुकमाला उभा नव्हता.

तरी ते हळदीच्या सकाळी बेबाबाईंना घेऊन पिंप्राळ्याला पोचले. अंगणात बायका गात होत्या, ललित पिवळा होऊन पाटावर बसला होता, आणि एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर छिनसाहेब कपाळावर हळदीचा ठिपका घेऊन सरळ ताठ बसले होते. चाळिशीचा, बारीक माणूस. दुसऱ्या पाहुण्या श्याबाई बायकांत जाऊन जात्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होत्या.

नाना समोर बसले. मेघा मध्ये. नानांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणतं गाव?"

मेघाने इंग्रजीत विचारलं. छिनसाहेब म्हणाले, "हफेइ." पहिलं अक्षर अर्धवट, जणू हातावर फुंकर मारावी तसं. नानांना ते एकदम जमलं. त्यात त्यांचं एकही बिघडलेलं अक्षर नव्हतं.

"ते ह. मु. झालं," नाना म्हणाले. "मूळ गाव विचार."

मेघाला ह. मु. इंग्रजीत सांगायला चांगलीच कसरत करावी लागली. आजोबा कुठे राहत, आई कुठे राहते, सणाला कुठे जाता, असं करत करत ती पोचली. छिनसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "छ्येनशान." आणि पुढे बरंच काही. मेघाने सांगितलं, "म्हणतात, डोंगराखालचं गाव आहे. कुणी विचारत नाही. परदेशात विचारलं तर मी शांघायजवळ सांगतो. शांघाय जवळ नाही, पण तेवढंच लोकांना माहीत असतं."

"आम्हीही पुण्यात नाशिकजवळ सांगतो," नाना म्हणाले. "नाशिक काय जवळ आहे?"

हे भाषांतर करून सांगितल्यावर छिनसाहेब मोठ्याने हसले. हसताना त्यांनी नानांच्या गुडघ्यावर थाप मारली.

मग नाना म्हणून बघू लागले. पहिल्यांदा "श्येनशान" आलं. छिनसाहेबांनी मान हलवली, नाही म्हणून नाही, पुन्हा म्हणा म्हणून. त्यांनी आपला जबडा किंचित पुढे आणला, दात दाखवले, जीभ खालच्या दातांमागे टेकवून दाखवली. त्या दवाखान्यातल्या बाईने आरशात नेमकं हेच दाखवलं होतं. पण इथे शरम नव्हती. परक्या गावाचं नाव शिकताना मोठा माणूसही पोरासारखा तोंड वेडंवाकडं करतो, त्यात काही नवल नाही. इथे आजार कुणाच्या डोळ्यांत नव्हता. नानांनी जीभ दातांमागे टेकवली, थांबले, सोडली. "छ्येन." पुन्हा थांबले. "शान."

छिनसाहेबांनी अंगठा वर केला. मग म्हणाले, आता तुमचं गाव.

"अमळनेर," नाना म्हणाले.

"अमरनर."

"ळ. अ-म-ळ."

"अमर्र." छिनसाहेबांची जीभ टाळूपाशी जाऊन हरवली. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, घाम आला, कपाळावरची हळद ओघळली. पाटावरून ललित ओरडला, "साहेब, वो छोड दो, वो हमारे मंत्रालयवालों को भी नहीं आता!"

बायकांचं गाणंसुद्धा हसण्यात विरलं. नाना मात्र हसले नाहीत. ते त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एक जीभ जी वळत नाही, आणि तिच्या मालकाला त्याची मुळीच लाज नाही. ती पुन्हा जाते, पुन्हा आपटते, पुन्हा जाते. कितीतरी दिवसांनी नानांना आपल्या तोंडात जीभ आहे हे ओझ्यासारखं वाटलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी हायवेजवळच्या लॉनवर होतं. स्टेजवर कुंदन चमकता कोट घालून हिंदी-मराठी मिसळून बोलत होता आणि चांगलं बोलत होता. नानांनाही ते मान्य होतं. गर्दी मोठी होती. मिलमालक, सराफांकडची मंडळी, गावाकडच्या दोन गाड्या भरून भाऊबंद. सगळीकडे खुर्च्यांचा, पोरांचा, भांड्यांचा आवाज. नाना स्टेजच्या पायरीशी उभे होते.  आबांनी शेवटी खूण केली.

कुंदन वाकला, माइक पुढे केला आणि हळू म्हणाला, "नाना, चायनाचा माल आहे, गॅरंटी नाही बरं."

"मालनी नही शे," नाना म्हणाले, "पन मनी तरी कोठे शे?"

माइक जड लागला. त्यांनी तोंडाजवळ घेतला. समोर चेहरे होते, मागच्या रांगेत टोप्या. क्षणभर धुळ्याचा तो मंडप आणि हा मंडप एकमेकांत मिसळले. मग त्यांना छिनसाहेब दिसले, पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मूळ गाव," नाना म्हणाले. आवाज निघाला तो जुनाच होता, त्यात थोडी धूळ होती एवढंच. जीभ दातांमागे. थांबा. सोडा. "छ्येन... शान." मंडप गप्प झाला. कळलं नव्हतं म्हणून गप्प झाला. "हल्ली मुक्काम हफेइ, चीन. वरराज ललितचे गुरू, श्रीमान छिन साहेब मंडपात आलेले आहेत. यजमान पाटील परिवाराच्या वतीने त्यांचं मनःपूर्वक स्वागत."

छिनसाहेब उठले. त्यांना बाकीचं काही कळलं नसणार. पण ते उठले ते आपल्या गावाचं नाव ऐकूनच, हे सगळ्यांना दिसलं. त्यांनी आपल्या पद्धतीने दोन्ही हात एकात एक धरून छातीशी आणले, आणि मग लोकांचे बघून आपल्यासारखे जोडलेही. पाठोपाठ श्याबाईंचं गाव, छिंगताव, समुद्रकाठचं. तेही तुकडे करून, थांबून, नीट बाहेर आलं. टाळ्या झाल्या. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "कोन्या तालुकाना शेतस वं ह्या?"

नानांनी माइक परत द्यायला हात पुढे केला. काम झालं होतं. अंगातून काहीतरी सुटून पायांतून खाली गेलं होतं.

पण कुंदन माइक घेईना. तो आबांकडे बोट दाखवत होता. आणि आबा खालून हात हलवत होते, चालू द्या, चालू द्या. नवरदेवाचे मामा कमानीतून येत होते. दूरचे पाहुणे पुकारले की मामाचा मान, हा क्रम मोडून चालत नाही. ज्याच्या हातात माइक आहे त्यानेच तो पुरा करायचा.

मामांचं गाव चुंचाळे.

नानांनी माइक पुन्हा जवळ घेतला. चीनची गावं त्यांनी घोटली होती. चोपडा तालुक्यातलं, हजारदा उच्चारलेलं हे गाव त्यांनी घोटलं नव्हतं. घोटायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. एका गावात दोन च, आणि समोर तिथलेच वीसेक लोक, ज्यांना एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं कळणार. जी नावं तोंडात गुळगुळीत होतात त्यांना धरायला जागाच उरत नाही. ती धावतात, आणि धावताना पाय घसरतो.

मामा कमानीखाली थांबले होते. पुकारल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून थांबले होते.

नानांनी श्वास घेतला. त्यांनी मनात ते गाव आपलं नाहीच असं धरलं. कुठल्यातरी डोंगराखालचं, कधी न पाहिलेलं, आज पहिल्यांदा कानावर आलेलं गाव. त्याचा माणूस लांबून आला आहे, आणि त्याच्या गावाला धक्का लागू द्यायचा नाही. जीभ दातांमागे. थांबा.

"चुं... चाळे येथील," नाना म्हणाले, "वरराज ललितचे मामा, श्रीमान लीलाधर अण्णा सहपरिवार मंडपात आलेले आहेत."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी मान वळवून बघितलं नाही. आचारी भाताची परात घेऊन गेला, एक पोरगं रडलं, बायकांच्या बाजूला बेबाबाई कुणाशी तरी साडीच्या काठाबद्दल बोलत होत्या आणि बोलतच राहिल्या. चुंचाळ्याच्या माणसांनी आपलं गाव ऐकलं आणि ते ऐकल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. जसं व्हायला हवं तसंच ते झालं होतं.

नानांचे डोळे भरून आले. ते त्यांनी माइकच्या आड घेतले.

मामा स्टेजवर आले. नानांनी त्यांना टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. मामा टोपी चाचपत कानात म्हणाले, "नाना, टोपी घट्ट व्हई ऱ्हायनी."

"टोपी तीच शे. तुमनं डोकं भाचाना लगीनमा फुगनं."

मामा हसत खाली उतरले. कमानीत आता शिरूडचे लोक दिसत होते, त्यांच्यामागे जामनेरचे, त्यांच्यामागे गाडीतून उतरणारे आणखी कुणी. कुंदनने विचारलं, "नाना, घेऊ का माइक?"

"पानी पिई ये तू," नाना म्हणाले, आणि शिरूडच्या पहिल्या माणसाला नीट बघून घ्यायला लागले.